कोपरा कापलेलं कार्ड

"हात नको लावू! नामा, हात नको लावू त्याले! कोपरा फाटेल हाये!"

आक्का इतक्या जोरानं ओरडली की बुऱ्हाणपूरच्या आमच्या बुधवारा पेठेतली झाडून सगळी कबुतरं उडाली ती थेट असीरगडावर जाऊन बसली, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातली निम्मी अजून तिथंच आहेत. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. पोस्टमननं ओट्यावर कार्ड टाकलं होतं आणि ती त्याच्याकडे साप पडल्यासारखी बघत उभी होती.

आमच्याकडची रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. घरातल्या पुरुषानं बाहेरच वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं.

"कोन गेलं रे? कुठून आलं?"

मी कार्ड उचललं. उजवा कोपरा गेलेला. मजकूर इंग्रजी, छापील.

"नागपूर," मी शिक्का बघून म्हणालो.

पिठाचे हात तसेच घेऊन द्वारका, माझी बायको, बाहेर आली. नागपुरात आमचं म्हणावं असं एकच माणूस होतं. वसंता, तिचा पाठचा भाऊ, सरकारी कचेरीत कारकून. तिनं नुसतं त्याचं नाव घेतलं. "वसंता?"

आता, घशाच्या दुखण्यासाठी मी नागपूरच्या इस्पितळात होतो तेवढ्या दिवसांत इतकं इंग्रजी शिकलो की डॉक्टर मंडळी अडलेला शब्द मला विचारत, असं मी स्वतःच गावभर सांगितलेलं. त्यामुळे दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी मान खाली घातली. एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही. कार्डाचे दोन तुकडे केले, चार केले, आठ केले आणि मोरीत सोडले. द्वारका पायरीवर बसली. तिच्या हाताचं पीठ तिच्या केसांना लागलं, ते संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

*

आयुष्यात मी लाखभर थापा मारल्या असतील. न बोलता मारलेली ही पहिली. आता हे लिहितोय ते खरं लिहायचं म्हणून, तेव्हा ऐका. मला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. कार्डावर वरच्या बाजूला शाईनं एकतीस लिहिलं होतं. खाली निळा गोल शिक्का. इस्पितळात माझ्या फाइलीवर, माझ्या खाटेवर, माझ्या औषधाच्या बाटलीवर तोच आकडा आणि तोच शिक्का होता. एकतीस म्हणजे मी.

ते वसंताचं मरण नव्हतं हे मला पहिल्या नजरेतच कळलं. माझं आहे असं मला वाटलं.

*

माझा धंदा आवाजाचा. कापसाच्या मंडीत लिलाव पुकारायचो. "बोला, बोला, बोला शेट! दूध आहे दूध, पांढरंशुभ्र!" मी बुऱ्हाणपुरात ओरडलो की तापीच्या पलीकडचे बैल थबकत. नेपानगरच्या कागद गिरणीचा भोंगा झाला की माझा पुकारा झाला, यावर लोकांच्या पैजा लागत. डोईफोडियाचे शेतकरी गाडी जुंपण्याआधी कानोसा घेऊन आजचा भाव ऐकत, असं मी सांगायचो. डोईफोडिया किती कोस आहे ते विचारू नका.

मग आवाज बसला. ऋतू बदलला म्हटलं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, आक्कानं गळ्याला एरंडाचं पान बांधलं. तीन महिने मी बेडकासारखा लिलाव पुकारला आणि लोक हसले, मीही हसलो. शेवटी गावच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. तेव्हा नागपूर आमचीच राजधानी होती. तिथं नव्यानंच कॅन्सरचं इस्पितळ निघालं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि घशात आरसा घातला. बराच वेळ बघितलं. मग हात धुतले. त्यांनी हात फार सावकाश धुतले, त्यावरूनच द्वारकेला कळलं असं ती नंतर म्हणाली.

"स्वरयंत्रावर गाठ आहे. कॅन्सर आहे."

मी म्हणालो, "साहेब, आरसा बदलून बघा. तुमचा आरसा जुना दिसतो."

ते हसले नाहीत. माझ्या विनोदाला न हसलेला तो जन्मातला पहिला माणूस. त्याच क्षणी माझ्या पोटात जो खड्डा पडला तो विहिरीएवढा होता. ही अतिशयोक्ती नाही. विहिरीच्या तळाशी असतं तसं गार होतं आत.

*

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढायचं. गाठ जाते, आवाजही जातो, गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास घ्यायचा, कायमचा. दुसरी नवी. विजेचा शेक आणि सोबत एक नवं इंजेक्शन. आवाज राहू शकतो, पण गाठ परत येणार नाही याची खात्री कुणी द्यायची?

"दोन्हींत चांगलं कोणतं?" द्वारकेनं विचारलं.

"ते आम्हाला माहीत नाही, बाई. म्हणून तर ही तपासणी चालू आहे. निम्म्यांना एक, निम्म्यांना दुसरं. कुणाला काय, ते बंद लिफाफ्यात आहे. मीसुद्धा निवडत नाही. तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, उपचार तरीही करू."

लाख खोट्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला एक खरी गोष्ट ऐकली की भोवळ येते. डॉक्टर म्हणतो माहीत नाही! मी हो म्हणालो. कारण लिलावात निम्मी संधी म्हणजे फार झाली.

लिफाफे सांभाळणारे एक पाटणकर बाबू होते. चष्मा, काळी टोपी, चेहऱ्यावर कधी सुरकुती हलली नाही. मी त्यांच्याकडे बुऱ्हाणपूरच्या केळ्यांचा घड घेऊन गेलो, जो उचलायला मला दोन माणसं लागली (एक लागला होता). म्हणालो, "बाबूजी, जरा उजेडासमोर धरून बघा ना, आत काय आहे."

ते म्हणाले, "केळी वॉर्डात वाटा."

लिफाफा उघडला तेव्हा द्वारकेनं डोळे मिटले होते. मी नव्हते मिटले. शेक आणि इंजेक्शन. मी इतका मोठ्यानं ओरडलो की ओरडलोच नाही, नुसती हवा आली. पण आतून ओरडलो.

माझ्या शेजारच्या खाटेवर अकोल्याचा एक शिंपी होता. त्याच दिवशी त्याचाही लिफाफा उघडला. त्याला ऑपरेशन आलं. मी पेढे मागवायला निघालो होतो, तो परत बसलो.

*

शेकाचे दिवस. रोज सकाळी फरशीवर ओळीनं बसायचं, नंबर पुकारला की आत जायचं, मशीनखाली निजायचं, हलायचं नाही. मशीन काही करतच नाही, नुसतं घुं करतं. पंधरा दिवसांनी कळतं की ते काय करत होतं. घसा आतून असा भाजला की पाण्याचा घोट म्हणजे निखारा. इंजेक्शनानंतर उलट्या. तोंडाला चव अशी की लोखंड चाटतोय. द्वारका वसंताच्या घरून पातळ पेज आणायची आणि मी ती बघून रडायचो. आपण इतकं रडू शकतो हे मला माहीत नव्हतं. असं कुणाचं होत असेल तर लाजू नका. मी लाजलो आणि त्यानं काही फायदा झाला नाही.

शिंपी ऑपरेशनहून परत आला. गळ्याला भोक, हातात पाटी. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचो. पाठ करून निजायचो. एकदा त्यानं पाटी माझ्या उशाशी सरकवली. लिहिलं होतं, "तुम्ही बोला ना. मला बरं वाटतं."

मग मी बोललो. भाजलेल्या घशानं, फुसफुस करत, तापीतली मगर कशी माझ्या लिलावात बोली लावून गेली ते सांगितलं. शिंपी हसला की गळ्यातून शिट्टी वाजायची. वॉर्डभर ऐकू जायची.

शेक संपले. गाठ गेली. दोन महिन्यांत आवाज परत आला, पूर्वीचा बारा आणे तरी. निघताना डॉक्टर म्हणाले, "पहिले सहा महिने दर महिन्याला या. पुढे कार्ड पाठवू. आणि गाठ परत आली तर मात्र ऑपरेशन, त्यात चर्चा नाही."

मी घरी येईपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यात असं जुळलं: कार्ड आलं की ऑपरेशन.

*

सहा महिने गेलो. त्यातच राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात, आम्ही इकडे नव्या मध्यप्रदेशात, राजधानी भोपाळ. माझा घसा एका राज्यात आणि घशाचा डॉक्टर दुसऱ्या राज्यात, असं मी मंडीत सांगायचो आणि लोक हसायचे.

आणि मग एका सोमवारी "बोला शेट" म्हणताना आवाज घसरला. एवढासा. मंडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पुढचे दोन महिने मी काय काय केलं ते ऐकाल तर मला जोड्यानं माराल. घरी मी सोमवारचं मौन धरलं. मग गुरुवारचंही धरलं. मग शनिवारचं. आक्काला धन्य वाटलं, भाऊ आजारातून उठून देवाला लागला म्हणून. मंडीत सकाळी लवकर जायचो, तोंडात ज्येष्ठमध धरून, आणि हातवारे असे करायचो की लोक हातांकडेच बघत. आवाज पुन्हा बेडकाचा होत चालला होता आणि मला रोज वाटायचं, उद्या सुटेल. माझ्यासारखे कुणी हे वाचत असतील, ज्यांचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलाय आणि जे उद्याची वाट बघतायत, त्यांना सांगतो. उद्या येतो, पण तो तुमच्या बाजूचा नसतो.

अशात ते कार्ड आलं. कोपरा गेलेला. मला वाटलं, मी न सांगताच त्यांना कळलं. पाटणकर बाबूंनी माझा कोपरा आधीच फाडून ठेवला.

*

द्वारकेनं तीन दिवस सुतक पाळलं. म्हणाली, "मला नागपूरला जाऊ द्या." मी कागदावर लिहिलं, कारण त्या दिवशी माझं मौन होतं, "आधी तार करतो." तार करायला म्हणून निघालो, तापीच्या राजघाटावर तासभर बसलो आणि परत येऊन होकारार्थी मान हलवली. झाली. उत्तर कसं येत नाही म्हणून ती रोज दारात उभी. मी म्हणालो, नवं राज्य आहे, तारा अजून जुळल्या नसतील. ही थाप तिनं खरी मानली. थाप खरी मानली गेली की मला एरवी गुदगुल्या होतात. तेव्हा झाल्या नाहीत.

रात्रंदिवस एकच हिशेब चालायचा डोक्यात. खरं सांगितलं तर ती मला नेणार. नेलं तर कापणार. आवाज गेला तर मी कोण? आवाज काढून घेतल्यावर माझं जे उरतं ते एक मिशीवाला माणूस. बुऱ्हाणपुरात मिशीवाले पुष्कळ आहेत.

नवव्या दिवशी सकाळी आक्का पुन्हा ओरडली. या खेपेला तिच्या तोंडून शब्दही निघाला नाही, नुसती किंकाळी. दारात वसंता उभा होता. एका हातात पिशवी, दुसऱ्यात संत्र्यांची टोपली.

"काय झालं बाप्पा?" तो म्हणाला. "काहून ओरडून राह्यल्या? माझी बदली झाली भोपाळले. म्हटलं, जायच्या आधी ताईले भेटून घ्यावं."

आक्का भिंतीला टेकली. द्वारका घरातून आली. तिनं वसंताच्या गालाला हात लावला, मग कानाला, मग खांद्याला, बाजारात कापड तपासतात तसं. मग वळून माझ्याकडे बघितलं. मी त्या नजरेबद्दल काही लिहिणार नाही. अतिशयोक्ती करायला तिथं जागाच नाही.

"ते कार्ड," ती म्हणाली. "कोपरा फाटलेलं. ते कुणाचं होतं?"

"पोस्टाची चूक," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "चुकून आपल्या ओट्यावर..."

वसंता म्हणाला, "नागपूरचं होतं? छापील? निळा शिक्का? भाऊजी, ते तर इस्पितळाचं असेल. मी गेलो होतो मागं पाटणकर बाबूकडे. आता जे पेशंट दुसऱ्या राज्यात गेले, त्यांच्या कार्डाचा कोपरा कापून राह्यले ते. खोक्यात वेगळी काढाले सोपं जाते म्हणून."

द्वारका हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"मला काय होतंय?" मी म्हणालो. "हे बघ. ठणठणीत आहे. ऐक!"

आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून मी लिलाव पुकारला. जन्मात पुकारला नसेल असा. "बोला, बोला, बोला शेट! दूध आहे दू..."

दूध अर्ध्यात फुटलं. त्यापुढे नुसता वारा. मी तोंड उघडं ठेवून उभा होतो आणि त्यातून काही येत नव्हतं. मग थोडं रक्त आलं, थुंकीत, दोरा असावा एवढं. बिनरंगवता सांगतोय, दोऱ्याएवढंच होतं.

कुणी ओरडलं नाही. आक्कासुद्धा. द्वारकेनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि वसंताला विचारलं, "नागपूरची गाडी किती वाजता?"

*

गाठ परत आली होती. डॉक्टरांनी पुन्हा सावकाश हात धुतले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्याकडे कुजबुजण्याएवढा आवाज होता, तो मी एकाच प्रश्नावर खर्च केला. "साहेब, आवाज बसला तेव्हाच आलो असतो, तर वाचला असता?"

मला वाटलं, ते दटावतील किंवा धीर देतील. दोन्हींची तयारी होती.

"माहीत नाही," ते म्हणाले. "थोडा भाग वाचवता आला असता कदाचित. कदाचित नाही. ते कळावं म्हणून तर आम्ही तुमच्या खबरा गोळा करतो."

शेवटचा शब्द द्वारकेसाठी ठेवला होता. ठरवलं होतं, काहीतरी मोठं, तिला जन्मभर पुरेल असं बोलायचं. स्ट्रेचर आलं तेव्हा तिनं विचारलं, "भीती वाटते?" आणि मी म्हणालो, "हो." संपलं. चाळीस वर्षं एवढा बोललो आणि सांगता त्या एका शब्दावर झाली.

*

आता गळ्याला भोक आहे, त्यावर मऊ सुती फडकं. फुलाचा वास येत नाही. हसलो की शिट्टी वाजते. हाक मारायला टाळी वाजवतो, आणि द्वारकेला एका टाळीवरून कळतं, पाणी हवंय की भांडायचंय. भांडताना मी पाटीवर लिहीपर्यंत ती निघून गेलेली असते. वसंताबद्दल मी पाटीवर माफी मागितली. तिनं वाचलं, ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि परत माझ्या हातात दिली. त्या गोष्टीचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

मंडीत लिलाव दुसरा पुकारतो. आवाज बरा आहे, शेळीचा म्हणता येईल. पण काही जुने व्यापारी अजून रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव करतात. मी त्याला मुक्यांचा बाजार म्हणून हिणवायचो. आता मीच रुमाल टाकून बसतो. बोटांनी थापा मारता येतात का ते शिकतोय. थोड्या येतात.

ऑपरेशननंतर इस्पितळातून निघताना पाटणकर बाबूंच्या टेबलाशी गेलो होतो. मागं कार्डांची खोकी होती, त्यातलं एक कापलेल्या कोपऱ्यांचं. मी पाटीवर लिहिलं, "आमच्याकडे कोपरा फाडतात तो मरणाचा." त्यांनी वाचलं. पुढच्या कार्डापासून कापणार नाही, असं एका चिठ्ठीवर टिपून घेतलं, चिठ्ठी टाचणीनं भिंतीला लावली.

मग मी पुसून दुसरं लिहिलं. अक्षर असं गिचमिड आलं की त्यांना दोनदा वाचावं लागलं. "माझ्या कार्डात काय लिहिलं होतं? मराठीत सांगा."

त्यांनी खणातून एक कोरं छापील कार्ड काढलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आपली प्रकृती कशी आहे, ते उलट टपाली कळवावे. बस, एवढंच. सगळ्यांना तेच जातं."